चहा ओढायचा कसा

प्रिय मंदार,

तेह तारिकची कृती मागितलीस आणि त्याच ओळीत 'एवढ्या उंचावरून ओतणं मला जमणार नाही' असंही लिहून मोकळा झालास. उंचीचं नंतर बघू. हा चहा ओतताना बिघडत नाही, त्याच्या आधीच बिघडलेला असतो. अर्क पातळ असेल, तर गच्चीवरून ओतलास तरी वर फेस आणि खाली गोड दुधाचं पाणी.

मलय भाषेत तेह म्हणजे चहा आणि तारिक म्हणजे ओढणं. मलेशिया-सिंगापुरात तो रुजवला तमिळ मुसलमान टपरीवाल्यांनी. त्या टपऱ्यांना 'मामाक' म्हणतात. शब्द तमिळ आणि अर्थ आपलाच, मामा! २०२४ साली युनेस्कोने मलेशियाची न्याहारीची संस्कृती वारसा यादीत घेतली, त्यात नासी लेमाक (नारळाच्या दुधात शिजवलेला भात) आणि रोटी चनाई (पदर सुटलेला पराठा) यांच्या जोडीला हा चहाही आहे.

आता दोन पेल्यांचं माप. पाणी ४०० मिली, डस्ट चहा १५ ग्रॅम, म्हणजे साधारण पाच सपाट चमचे. हे वाचून दचकू नकोस, एवढा लागतोच. मोठ्या पानाचा महागडा चहा इथे वाया जातो; रंग आणि तुरटपणा पटकन सोडणारी भुकटीच हवी. पाण्याला उकळी आली की गॅस बंद कर, चहा घाल, झाकण ठेव आणि पाच मिनिटं मुरू दे. आपल्या सवयीने खळाखळा उकळत ठेवलास तर कडवट होईल. तुरट चालेल, कडवट नाही. तुरटपणा दुधातल्या प्रथिनांना चिकटून बराचसा मावळतो. कडूपणा मात्र तसाच जिभेवर राहतो.

गाळायला फडकं घे. मामाककडे कड्याला शिवलेली लांब कापडी पिशवी असते, मोज्यासारखी. स्टीलच्या गाळण्यातून डस्ट खाली उतरते आणि शेवटचा घोट किरकिरा लागतो. गाळलेला अर्क पुन्हा एकदा त्याच चोथ्यावरून ओत, दाटपणा येतो. फडकं पिळू नकोस.

दूध दोन प्रकारचं. एका पेल्याला कंडेन्स्ड मिल्क ४० ग्रॅम, म्हणजे दोन मोठे चमचे. त्यातच जवळजवळ चार चहाचे चमचे साखर आली, वरून घालू नकोस. दुसरं बिनसाखरेचं आटवलेलं दूध, पेल्याला ३० मिली. तिकडे ते डब्यात मिळतं. तू १५० मिली म्हशीचं दूध ६० मिलीपर्यंत आटव, दोन पेल्यांचं झालं. साय धरू देऊ नकोस, नाहीतर ओतताना तिच्या चिंध्या तरंगतात. गोड कमी हवं असेल तर कंडेन्स्ड मिल्क अर्धं कर आणि तेवढंच आटवलेलं दूध वाढव. नुसतंच कमी केलंस तर चहा पातळ पडतो. ताजं आलं घालणार असशील तर ते पाण्यातच उकळून घे. कच्च्या आल्याचा रस दूध फाडतो.

आता ओढणं. लांब कानाचे, चोचीचे, लिटरभराचे दोन स्टीलचे मग घे. चहा निम्म्याच्या वर भरायचा नाही, फेसाला जागा लागते. अर्क वाफाळता असतानाच दोन्ही दुधं मिसळून घे. दोन्ही मग तोंडाला तोंड लावून ओतायला सुरुवात कर आणि धार चालू असतानाच वरचा मग वर ने, खालचा खाली. नजर खालच्या मगवर. धार करंगळीएवढी जाड आणि सलग हवी. बारीक झाली की तिचे थेंब होतात, चहा निवतो आणि सांडतो. सहा-सात फेऱ्या पुरेत. धारेबरोबर हवा आत जाते, दुधाची प्रथिनं बुडबुड्यांभोवती पातळ कवच धरतात, तोच फेस. म्हणूनच पाणीदार दुधाचा फेस दोन मिनिटांत बसतो.

उंची? हातभर पुरे. मीटरभर ओढणारे बघायला मजा येते, पण घरी त्याने चहा नुसता निवतो. पहिले दोन दिवस गार पाण्याने मोरीत सराव कर. आणि हो, अनवाणी उभा राहू नकोस.

शेवटची फेरी थेट पेल्यात, वरून. पेले आधी गरम पाण्याने विसळून ठेव. बोटभर फेस राहिला, तर जमलं.

कधी क्वालालंपूरला गेलास तर नुसतं 'तेह' म्हटलंस की कंडेन्स्ड मिल्कचा चहा येईल, 'तेह ओ' म्हणजे बिनदुधाचा पण साखर घातलेला, आणि 'कुरांग मानिस' म्हणजे गोड कमी. हा शेवटचा शब्द पाठच करून ठेव.

फडकं साबणाने धुऊ नकोस, वास पुढच्या चहात उतरतो. कडकडीत पाण्यात खळबळून उन्हात वाळव.

तुझा,
श्रीपाद