स्टोअरमधल्या ताईंना, उजव्या हाताने

ताई,

हे पत्र आधी कागदावर लिहिलं, तेही उजव्या हाताने. अक्षर अजून वाकडंतिकडं येतं. समोर येऊन आभार मानायला लागलो की तुम्ही "चल, काम बघ" म्हणून पिटाळता, म्हणून आता चारचौघांत मानतो.

मी शिडीच्या तिसऱ्याच पायरीवरून पडलो होतो. तोंडावर आपटू नये म्हणून हात पुढे टेकला आणि सगळं वजन तळव्यावर आलं. सगळे माझ्यासाठी बर्फ शोधत होते, आणि तुम्ही माझ्यापुढे कागद सरकवलात. किती वाजता, कोणती शिडी, हात कसा टेकला, कोणी पाहिलं. उजव्या हातात पेन धरवत नव्हतं, तर म्हणालात, "डाव्याने लिही, नाहीतर सांग, मी लिहिते. सही तुझी." खरं सांगू? तेव्हा तुमचा राग आला होता. माणूस कळवळतोय आणि या फॉर्म भरून घेतायत!

त्या संध्याकाळी कंपनीने सांगितलेल्या डॉक्टरांकडे गेलो. एक्स-रेमध्ये काही दिसलं नाही. मुरगळलंय म्हणाले, क्रेप बँडेज बांधलं आणि तीन दिवसांनी कामावर जायला हरकत नाही असं लिहून दिलं. मी खूश. मोडलं नाही म्हणजे सुटलो. तुम्ही तो कागद वाचलात आणि एवढंच विचारलंत, "तू दिवसभर काय उचलतोस, हे त्यांनी विचारलं का?"

नव्हतं विचारलं. पडलास कसा, हेही नाही.

बाराव्या दिवशी पाना फिरवताना माझा चेहरा पाहून तुम्ही मला थांबवलंत. अंगठा वर करायला लावून त्याच्या मुळाशी, दोन शिरा ताणल्या जातात तिथल्या खळग्यात बोट दाबलंत. मी ओरडलोच. तुमच्या भावाचं असंच झालं होतं, तेव्हा कळलं. स्कॅफॉइड नावाचं मनगटातलं इवलंसं हाड. त्याची चीर पहिल्या एक्स-रेत पुष्कळदा दिसतच नाही, दहा-चौदा दिवसांनी पुन्हा काढला तर दिसू शकते. शंका असेल तर तोवर हात बांधून ठेवायचा असतो, नाहीतर एमआरआय करायचा. भावाने महिनोन्‌महिने मुरगळा समजून काढले आणि शेवटी कमरेच्या हाडाचा तुकडा घालून स्क्रू बसवावा लागला.

पहिल्या डॉक्टरांना चीर दिसली नाही, याचा मला राग नाही. न दिसणारी गोष्ट दिसणार कशी? पण "दुखत राहिलं तर दोन आठवड्यांनी ये" एवढं एक वाक्य ते बोलले असते तर!

डॉक्टर बदलायची मला भीती वाटत होती. कंपनीला काय वाटेल, नंतर खर्चावरून वाद झाला तर? तुम्ही सोबत ऑफिसात आलात आणि शांतपणे विचारलंत, की याच डॉक्टरांकडे जाण्याची सक्ती आहे का, आणि दुसरं मत घ्यायचं असेल तर कोणाला कळवायचं. उत्तर ईमेलवर मागितलंत. मी एकटा असतो तर दारातूनच परत फिरलो असतो.

डॉक्टर शोधायची तुमची पद्धत मी आता सगळ्यांना सांगतो. मी मोबाईलवर तारे मोजत बसलो होतो. तुम्ही म्हणालात, फिजिओथेरपिस्टला विचार. ऑपरेशन, प्लॅस्टर कोणीही केलेलं असो, नंतरचे कडक झालेले हात त्यांच्याकडेच येतात. कोणाचे पेशंट लवकर मूठ वळतात, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक? त्यांनी दोन नावं दिली. दोन्ही नुसते हाडांचे नव्हेत, हाताचे सर्जन.

आणि तो व्हिडिओ! माझं काम दुसऱ्याला करायला लावून तुम्ही मिनिटभर शूट केलंत: खोकं उचलणं, शिडी, ड्रिल. जुना एक्स-रे आणि पहिल्या दिवशीचा कागद यांच्यासोबत तो घेऊन गेलो. डॉक्टरांनी आधी कागद वाचला, मग त्याच खळग्यात दाबलं. नव्या एक्स-रेत बारीक रेघ होती. त्यांनी समजावलं, की या हाडात रक्त बोटांच्या बाजूने शिरतं आणि मागे कोपराच्या दिशेने जातं. मधे चीर पडली की मागचा तुकडा उपाशी राहू शकतो, म्हणून हयगय नको. माझे तुकडे सरकले नव्हते, म्हणून प्लॅस्टरवर भागलं. दहा आठवडे.

व्हिडिओ त्यांनी दोनदा पाहिला. नंतर कामावर परतायची वेळ आली तेव्हा 'हलकं काम द्यावं' एवढ्यावर सोडलं नाही. उजव्या हाताने दोन किलोच्या वर नाही, शिडी नाही, हादरे देणारं हत्यार नाही, चार आठवड्यांनी फेरतपासणी. 'हलकं काम' म्हणजे काय, हे सुपरवायझर आणि मी आपापल्या सोयीने ठरवलं असतं. दोन किलोवर कोण वाद घालणार? वजनकाटा तुमच्याच टेबलावर आहे.

प्लॅस्टर निघाल्यावरचे दिवस वाईट गेले. मनगट लाकडासारखं झालं होतं, बटण लावताना रडू यायचं. त्यात तुम्ही रोज "किती वळलं, दाखव" म्हणून छळलंत, तेही या आभारांत धरा.

परवा फेरतपासणी झाली, शिडीची बंदी उठली. पहिल्या दिवशी लिहायला दिलेलं तुमचं ते निळं पेन अजून माझ्याकडेच आहे. हे पत्रही त्यानेच लिहिलंय. सोमवारी आणून देतो.

तुमचा,
पॅकिंगमधला, तिसऱ्या पायरीवरून पडलेला