‘मोड्यूल गेलं’ म्हणण्याआधी केबल बदलून बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

फ्लॅटमध्ये खरा ड्रमसेट वाजायला लागला की आठवड्याच्या आत सोसायटीच्या सेक्रेटरींचा निरोप येतो. म्हणून कोथरूड-वाकडकडच्या घरांत मुलांना इलेक्ट्रॉनिक किट घेऊन देतात. पुढे कधीतरी त्यातला एखादा पॅड गप्प होतो किंवा एका घावाला दोन आवाज येऊ लागतात. दुकानात विचारले तर ठरलेले उत्तर मिळते, ‘मोड्यूल गेलं, बोर्ड बदलावा लागेल.’ खर्चाचा आकडा ऐकून किट माळ्यावर जाते. आम्हा दुरुस्ती करणाऱ्यांचे म्हणणे असे, की मोड्यूल, म्हणजे पॅडवरच्या घावाचा आवाज तयार करणारी पेटी, क्वचितच जाते. दोष बहुतेक वेळा केबल, जॅक, सेन्सर किंवा सेटिंगमध्ये असतो आणि नेमका कुठे, ते घरच्या घरी अर्ध्या तासात शोधता येते.

तपासणी नेहमी वायरच्या हेडफोनवर करावी. छोट्या स्पीकरला किकचा (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा) ५०-६० हर्ट्झचा खर्ज पेलत नाही, त्यामुळे धडधाकट किकही ‘वाजत नाही’ असे वाटते. ब्लूटूथ हेडफोनवर आवाज घावाच्या इतका मागून येतो, की वाजवणाऱ्याला स्वतःच्याच लयीची शंका यावी. एकाच कानात आवाज येत असेल तर ३.५ मिलिमीटरच्या पिनेवर चढवलेले जाड टोपण मोनो (एकाच वाहिनीचे) आहे का, ते आधी पाहा. स्पीकरला एकच वायर जोडणार असाल, तर ती ‘एल/मोनो’ लिहिलेल्या भोकातच हवी. उजव्या भोकात लावली की डावीकडे ठेवलेले आवाज बारीक होतात किंवा गायब होतात.

आता गप्प पॅड. समजा, टॉम १ (टॉम म्हणजे वरचे छोटे ड्रम) वाजत नाही आणि टॉम २ वाजतो. व्हॉल्यूम खाली करा, टॉम २ची केबल पॅडकडच्या टोकाला काढा आणि ती टॉम १च्या पॅडमध्ये घाला. आता टॉम १वर मारल्यावर टॉम २चा आवाज आला, तर पॅड निर्दोष आहे. आवाज नाही आला, तर पॅडमध्येच दोष आहे आणि मोड्यूलला हात लावायचे कारण नाही. पॅड निर्दोष निघाला, तर त्यात टॉम १ची केबल परत घाला आणि तिचे मोड्यूलकडचे टोक काढून टॉम २च्या भोकात घाला. तरीही गप्प असेल तर केबल गेली. वाजला तर मात्र मोड्यूलचे टॉम १चे भोक किंवा त्या भोकाचे सेटिंग संशयित. बोर्डाचा विषय इथे पहिल्यांदा निघतो, त्याआधी नाही. सगळ्या केबलींचा मिळून एकच जुडगा असेल आणि तो मोड्यूलला रुंद, बऱ्याच पिनांच्या कनेक्टरने जोडलेला असेल, तर ही दुसरी पायरी करता येत नाही. तिथे कनेक्टर काढून वाकलेली पिन शोधावी आणि बाजूचे दोन्ही स्क्रू आवळावेत. या अदलाबदलीत रिमच्या (पॅडच्या कडेच्या) आवाजावरून निष्कर्ष काढू नये. स्नेअरचे भोक दोन आवाजांचे आणि टॉमचे एकाच आवाजाचे असेल, तर रिम तिथे वाजणारच नाही. हाय-हॅटच्या (पायाने उघडझाप होणाऱ्या झांजजोडीच्या) पेडलची केबल या खेळात घेऊ नये.

केबलचा घोळ नेमका कळावा म्हणून थोडे सविस्तर. ६.३५ मिलिमीटरच्या प्लगवर दोन काळी कडी असतील तर तो स्टिरिओ, एकच असेल तर मोनो. गिटारची केबल मोनो असते, आणि दुकानदार बरेचदा तीच हातात ठेवतो, कारण प्लग नीट न पाहता दोन्ही सारख्याच दिसतात. मोनो प्लगमुळे जॅकमधला मधला धातूचा संपर्क आणि जमीन (अर्थ) एकमेकांना चिकटतात. मग रिम बंद पडते किंवा सिंबल (झांज) हाताने धरल्यासारखी तोकडी वाजते. नवे किट घेताना पॅडसोबत एक जादा स्टिरिओ केबल मागून घ्यावी. वरच्या तपासणीत केबल गेलेली निघाली, तर तीच कामी येते.

पावसाळ्यात जॅकच्या पितळेवर हिरवट थर धरतो, मग आवाज येतो-जातो, वायर हलवली की परततो. वीज बंद करून प्लगवर आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा कॉन्टॅक्ट क्लीनर लावा आणि प्लग आत-बाहेर दहा वेळा करा. पॉलिश पेपरने घासाल तर वरचा मुलामा निघेल आणि पुढच्या पावसात थर आणखी लवकर धरेल. मशीनचे तेल तर लावूच नये.

पॅडच सदोष ठरला तर उघडायला घाबरू नका. आत पितळी चकती आणि तिच्यावर पांढरट सिरॅमिकचा थर असतो. हा पिएझो सेन्सर. दाब पडला की तो वीज निर्माण करतो (हा गुणधर्म क्युरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवला होता), आणि त्याच ठिणगीएवढ्या विजेवरून मोड्यूल घावाचा जोर ओळखते. रबरी पॅडमध्ये चकती धातूच्या पत्र्याला फोमच्या दुहेरी टेपने चिकटवलेली असते. जाळीच्या पॅडमध्ये तिच्यावर फोमचा शंकू असतो. नेहमीचे बिघाड तीन. एक, चकतीवरचा सोल्डरचा डाग सुटलेला. दोन, टेप सुकून चकती लोंबकळत असलेली. अशा वेळी आवाज येतो, पण जोर कितीही लावा, बारीकच. तीन, शंकू बसलेला. शंकूने जाळीला खालून टेकलेच पाहिजे, नाहीतर मध्यभागी एक आणि कडेला दुसरा जोर मिळतो. सेन्सरच्या दोन तारांमध्ये मल्टिमीटरने रोध मोजून तो शून्याजवळ आला तर शॉर्ट आहे.

तार पुन्हा जोडताना सिरॅमिकवर सोल्डरची गन दोन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नका. जास्त तापले की वरचा चांदीचा थर उचलला जातो आणि चकती टाकाऊ होते. लाल तार सिरॅमिकवर, काळी पितळेवर, अदलाबदल नको. नवी चकती घेताना जुनीचा व्यास मोजून न्या. २७ आणि ३५ मिलिमीटरच्या चकत्या सर्रास मिळतात. बुधवार पेठेत तापकीर गल्लीत सुट्या भागांच्या दुकानांतून त्या किरकोळ खर्चात येतात, आणि तेवढ्यासाठी कुणी अख्खा पॅड विकत घ्यायला लावत असेल तर नम्रपणे बाहेर पडावे.

एका घावाला दोन आवाज येणे, ही जाळीच्या पॅडची तक्रार. सैल जाळी काडीने दाबली की परत उसळते आणि सेन्सरला तो दुसरा घाव वाटतो. लोक आधी थ्रेशोल्ड, म्हणजे घाव किमान किती जोराचा असला की आवाज यावा ती मर्यादा, वाढवतात. तसे केले की दुसरा आवाज जातो खरा, पण त्याबरोबर हलके, बोटभर उंचीवरून मारलेले घावही जातात, आणि हात तयार होण्यासाठी नेमके तेच हवे असतात. क्रम उलटा ठेवा. आधी जाळी समोरासमोरच्या बोल्टने एकसारखी ताणा, मग शंकू तपासा, मग सेन्सिटिव्हिटी (पॅडची संवेदनशीलता) एकेक पायरी उतरवा, तेवढ्यावरही भागले नाही तर रिट्रिगर कॅन्सल (एका घावाचा दुसरा आवाज दाबणारे सेटिंग) आणि मास्क टाइम. मास्क टाइम म्हणजे एक घाव झाल्यावर मोड्यूल किती मिलिसेकंद बहिरे राहील, त्याचा आकडा. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत मात्रेला आठ घाव घेतले, तर दोन घावांत ६२.५ मिलिसेकंद उरतात. आकडा त्यापलीकडे नेलात तर मुलाचा रोल मोड्यूलच गिळेल, आणि बोलणी मात्र मुलाने खायची.

टॉम वाजवला आणि क्रॅश (मोठी झांज) घुमली, तर तो क्रॉसटॉक. घावाचा हादरा रॅकच्या नळीतून दुसऱ्या सेन्सरपर्यंत जातो. क्लॅम्प आवळा, दोन पॅड एकमेकांना टेकत नाहीत ना ते बघा आणि तारा ताणलेल्या ठेवू नका. त्यानंतरही राहिले, तर क्रॉसटॉक कॅन्सल वाढवायचे. ते कुठे? जो पॅड न मारता वाजतो, त्याच्यावर. आपण मारला, त्याच्यावर नाही. अनेकांची गफलत इथेच होते. गणपतीत बाहेर डीजेच्या भिंती हादरत असताना किक आपोआप वाजली, तर ती भुताटकी नाही, किकचा थ्रेशोल्ड फार खाली आहे. ऑर्केस्ट्रातल्या ऑक्टापॅडलाही हेच नियम लागू. तिथे आठही पॅड एकाच पेटीत असल्याने शेजाऱ्याचा हादरा लवकर पोचतो.

हाय-हॅट कायम उघडीच वाजत असेल तर पेडलची केबल निघालेली असते किंवा पॅडच्या आणि पेडलच्या केबलींची भोके उलटसुलट झालेली असतात. मोड्यूल सुरू करताना पेडलवर पाय ठेवू नका, बऱ्याच मोड्यूलमध्ये त्याच क्षणी पेडलची मोकळी अवस्था मोजली जाते.

किट आधी लॅपटॉपला जोडलेले असेल आणि नंतर सगळेच पॅड मुके झाले असतील, तर मेनूत ‘लोकल कंट्रोल’ (पॅडवर मारल्यावर मोड्यूलचा स्वतःचा आवाज येऊ देणारे सेटिंग) बंद राहिला का ते पाहा. उलट, तो चालू असताना लॅपटॉपचाही आवाज त्यात मिसळत असेल, तर प्रत्येक घाव दुहेरी, पोकळ ऐकू येतो. लॅपटॉपचा चार्जर काढताच गुणगुण थांबली तर तो अर्थिंगचा फेरा आहे. दोन्ही उपकरणे एकाच बोर्डवर लावा, तेवढ्याने भागले नाही तर डीआय बॉक्स (हा फेरा तोडणारी छोटी पेटी) घ्या. अर्थची पिन कापण्याचा सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नका. अडॅप्टर हरवला म्हणून घरातला दुसरा लावू नये. व्होल्ट जुळले तरी पिनेचा धन-ऋण उलटा असू शकतो, आणि मोड्यूल खरोखर जाते ते असेच.

एवढे करूनही किट दुकानात न्यावे लागले, तर फक्त मोड्यूल नेऊ नका. संशयित पॅड, त्याची केबल, अडॅप्टर आणि पेडल बरोबर न्या. फॅक्टरी रिसेट करू देण्याआधी आपण जुळवलेले आवाज आणि वरच्या सेटिंगचे आकडे पेनड्राइव्हवर किंवा वहीत उतरवून ठेवा. एका कागदावर लिहा, ‘टॉम १चा पॅड टॉम २च्या केबलवर वाजतो, टॉम १ची केबल टॉम २च्या भोकात वाजते, टॉम १चे भोक गप्प.’ विक्रेत्यांना आमची विनंती, की बोर्ड बदलायचा निर्णय सांगताना याच तीन ओळींची त्यांची उत्तरे बिलावर लिहून द्यावीत.

आपले,
इलेक्ट्रॉनिक वाद्ये दुरुस्त करणारे काही कारागीर,
पुणे