खबर देणाऱ्याचे नाव जपा

मे 2006 मध्ये दहशतवादविरोधी पथकाने (एटीएस) पाठलाग करून आरडीएक्स आणि एके-47 रायफली पकडल्या. ते ‘औरंगाबाद शस्त्रसाठा प्रकरण’ मराठवाडा विसरलेला नाही. तो घात टळला तो वेळेत लागलेल्या सुगाव्यामुळे. उलट 26/11 पूर्वी इशारे येऊनही त्यांची नीट दखल घेतली गेली नाही, हे त्या हल्ल्याची चौकशी करणाऱ्या राम प्रधान समितीने नोंदवले आहे.

गावाकडे खबर आधी लागते ती पोलीस पाटील आणि बीट अंमलदाराला, म्हणजे त्या भागाची जबाबदारी असलेल्या पोलिसाला. शेतातल्या आखाड्यावर नवे कोण राहायला आले, रात्री कुणाची गाडी थांबते, हे टपरीवर बसल्याशिवाय कळत नाही. अंमलदार मात्र कायम बंदोबस्तात! त्यात माहिती देणाऱ्याचे नाव संध्याकाळपर्यंत गावभर होते. मग पुन्हा कोण तोंड उघडेल? ठाण्यांनी हे नाव जिवापाड जपलेच पाहिजे.

नुसत्या संशयावरून पोरे उचलणेही थांबवा. मालेगावच्या 2006 च्या स्फोटात पकडलेले तरुण 2016 मध्ये दोषमुक्त झाले, तोवर त्यांची उमेदीची वर्षे तुरुंगात गेली होती. ज्या वस्तीतली पोरे अशी उचलली जातात, तिथून पोलिसांना कोण आपणहून फोन करील? गृहखात्याने पोलीस पाटलांची रिक्त पदे तरी तातडीने भरावीत.

– एक वाचक, खुलताबाद