सोनं लाल झालं ते तुमच्यामुळे, काका

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

माझ्या प्रबंधाच्या आभारांच्या पानावर मोठमोठी नावं छापली, प्रयोगशाळेत मदतनीस असलेल्या तुमचं राहिलं. ज्यांची छापली त्यांतल्या बहुतेकांनी माझ्या सोन्याच्या निळ्या पडणाऱ्या द्रावणाकडे वळूनही पाहिलं नव्हतं. "जमत नसेल तर विषय बदल," एवढंच सांगितलं. अजून राग येतो.

सोन्याचे दहा-वीस नॅनोमीटरचे कण पाण्यात सुटे राहिले, तर त्यांतले इलेक्ट्रॉन प्रकाशासोबत एकदम डोलतात, ५२० नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा प्रकाश शोषला जातो आणि द्रावण कोकम सरबतासारखं लाल दिसतं. कण एकमेकांना चिकटले की निळं. कण चिकटायला थोडासा क्षारही पुरतो. हे सगळं माझ्या वहीत होतं. पण सगळ्यांच्या वापरातल्या त्या फ्लास्कला आतून काय काय चिकटलंय, ते तुम्हीच ओळखलंत.

घरी निघाला होतात. पिशवी परत खुंटीला अडकवलीत, विषारी वाफा ओढून घेणाऱ्या फ्यूम हूडमध्ये फ्लास्क अम्लराजाने (सोनंही विरघळवणाऱ्या तीव्र आम्लांच्या मिश्रणाने) धुतलात, डिस्टिल्ड वॉटरनं खळखळून काढलात. आणि मग त्यावर चिकटपट्टी लावून पेनानं लिहिलंत: 'सोन्याचं काम. इतरांनी वापरू नये.'

काका, माझ्या धडपडीला 'काम' म्हणणारे त्या मजल्यावर तुम्ही पहिले. ती चिकटपट्टी वाचून मला रडू आलं होतं, तुम्ही पाहिलं नसेल. दुसऱ्या दिवशी सोन्याच्या उकळत्या द्रावणात कण बनवणारं आणि सुटे ठेवणारं सायट्रेट घातलं. पिवळेपणा गेला, करडी-निळसर झाक आली आणि बघता बघता लालभडक! तो रंग तसाच टिकला.

ब्रिटिश शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडेंनी १८५७ साली सोन्याच्या या लाल द्रावणांवर निबंध वाचला. त्यांच्या प्रयोगशाळेत सार्जंट अँडरसन नावाचे मदतनीस वर्षानुवर्षं होते. आपल्या पुण्यातल्या पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनसीएलमध्ये, गवती चहाच्या अर्कातून सोन्याचे त्रिकोणी कण बनवले गेले, २००४ साली ते जगभर गाजलं. तिथंही कुणीतरी काच स्वच्छ ठेवलीच असणार. अशी माणसं न सांगता उशिरापर्यंत थांबतात, म्हणून आमचे निष्कर्ष खरे ठरतात.

मी आता भोसरीला टेस्ट स्ट्रिपच्या कामात आहे. गरोदरपणाच्या घरगुती चाचणीत जी लाल रेघ उमटते, ती बहुतेकदा याच कणांची. दिवाळीआधी कॉलेजात येते, तुम्हाला दाखवायला एक स्ट्रिप घेऊन. काकूंना नमस्कार सांगा.

तुमची,
एमएस्सीची एक विद्यार्थिनी