खिडकीखाली सात कुंड्या

ठाणे, २ मे

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर काही सांगायला जावं तर आई "जेवलीस का"वर गाडी नेते आणि बाबा तिच्या हातात फोन देऊन मोकळे होतात. म्हणून लिहायलाच बसले. हॉलच्या खिडकीखालचं चपलांचं कपाट हलवलं. तिथे आता सात कुंड्या आहेत. आणल्या होत्या अकरा. चार कशा गेल्या ते आधीच सांगून टाकते.

ऑफिसला निघताना रोज सगळ्यांना तांब्या-तांब्याभर पाणी घालत होते. त्यात एक झीझी होतं. मातीखाली त्याला बटाट्यासारखे गड्डे असतात, पाणी त्यातच साठलेलं. पंधरा दिवस विसरलं तरी चालतं म्हणे. ते मी महिन्यात कुजवलं. पानं पिवळी पडली तशी मला वाटलं तहान लागली, म्हणून आणखी ओतलं. एके सकाळी देठ धरला तर तो अलगद हातातच आला, खाली काळा चिखल आणि गटारासारखा वास. कुंडी शोभेची, तळाला भोकच नाही. आई, तू मोगऱ्याच्या कुंडीत भोकावर फुटक्या कौलाचा तुकडा पालथा ठेवायचीस ना, मला तेव्हा वाटायचं भोक बुजवतेस. माती अडावी आणि पाणी जावं म्हणून ते, हे कळायला चार झाडं मारावी लागली.

आता तुझ्यासारखं बोट मातीत खुपसून बघते. दुसऱ्या पेरापर्यंत कोरडं लागलं तरच पाणी. माती विकत आणली, यावर बाबा काय म्हणतील ते मला इथूनच ऐकू येतंय! पण नुसती लाल माती कुंडीत विटेसारखी बसते. त्यात कोकोपीट, गांडूळखत आणि मूठभर निंबोळी पेंड घातली. पिठ्या ढेकणाने एकदा गाठलंच होतं, पानांच्या बेचक्यात कापसाचे पुंजके. भांड्याच्या साबणाचं पातळ पाणी करून कापडाने पुसत बसले. दोन रविवार गेले त्यात.

मनीप्लांट शेजारच्या काकूंचं. ते चोरलेलंच जगतं ना, म्हणून त्या स्वतःच म्हणाल्या, "मी तिकडे तोंड करते, तू तोड." पेराखाली कापून बाटलीत ठेवलं, दहा-बारा दिवसांत मुळं फुटली.

बाबा, आता तुमच्या विषयाचं. ही खिडकी उत्तरेची. डिसेंबरात तिथे उन्हाचा कवडसाही नव्हता आणि परवा सकाळी सातला चौकटीवर बोटभर पट्टा आला. मला नवल वाटलं, मग तुमचा भूगोलाचा तास आठवला. २१ मार्चनंतर सूर्य पूर्वेच्या उत्तरेला उगवतो. मेच्या मध्यावर इथे शून्य सावली, म्हणजे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर, आणि त्यापुढे जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्यसुद्धा किंचित उत्तरेला. पावसाचे ढग त्यातलं किती ऊन खाली येऊ देतील ते निराळं. आणि "स्नेक प्लांट रात्री ऑक्सिजन सोडतं, हवा शुद्ध करतं" हा तुम्ही पाठवता तो मेसेज पुढे ढकलू नका. ते रात्री कार्बन डायऑक्साइड आत घेतं खरं, पण ऑक्सिजन सोडतं दिवसा, उजेडातच. हवा शुद्ध होते हेही तसंच. ज्यावरून हे म्हणतात तो नासाचा १९८९चा प्रयोग लहानशा बंद पेटीत झाला होता, आपल्या हॉलची दारं-खिडक्या उघडी. माझी सात झाडं हवाबिवा काही साफ करत नाहीत. नुसती हिरवी दिसतात, तेवढं मला पुरतं.

कुंड्या जमिनीवर नाहीत, कमरेइतक्या उंच बाकावर मांडल्यात. आईला वाकावं लागणार नाही. शेजारी वेताची खुर्ची आहे, हातांची, म्हणजे बाबांना रेटा देऊन उठता येईल. इकडे राहायला या म्हटलं की "अंगण नाही तिथे आम्ही करायचं काय" हे दर वर्षीचं ठरलेलं उत्तर यंदा नको. मागच्या श्रावणात बाबा शेवाळलेल्या चिऱ्यावरून घसरले आणि तुम्ही दोघांनी आठ दिवस मला कळू दिलं नाहीत. मी तेव्हा काही बोलले नाही, पण अजून राग आहे.

संगमेश्वरहून मृगाच्या आधीचं तिकीट काढतेय, दोन्ही बर्थ खालचे. परत कधी जायचं ते गणपतीच्या आधी ठरवू.

येताना पानओव्याच्या दोन फांद्या आणा, ओल्या फडक्यात गुंडाळून. अबोली नको, तिला इथलं ऊन पुरणार नाही. तुळसही या खिडकीत जगली नाही. पण बेडरूमचं ग्रिल पूर्वेला आहे, तिथे एक कुंडी माती भरून रिकामी ठेवलीय. आई, वृंदावनातल्या तुळशीच्या वाळलेल्या मंजिऱ्या कागदात बांधून आण. प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, बुरशी धरते.

तुमची,
धाकटी