करमत नाही म्हणालास, म्हणून

सोलापूर,
१७ जानेवारी २०२६

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्रास कारण असे की, भोगीच्या दिवशी फोनवर तुझे आणि बाबांचे जे बोलणे झाले ते तसेच अर्धवट ठेवणे मला बरे वाटत नाही. त्यानंतर तू तीन वेळा फोन केलास आणि तिन्ही वेळा "ठीक आहे" एवढेच म्हणालास. फोनवर मी बोलायला लागले की माझा आवाज भरून येतो आणि मग तूच माझी समजूत घालत बसतोस, म्हणून आज कागद घेतला. बाबांनी कर्जाचा विषय काढायला नको होता. "परत यायचे तर ये, पण माझ्याशी बोलू नकोस," हे तर मुळीच म्हणायला नको होते, आणि तसे मी त्यांना स्पष्ट सांगितले आहे. त्या रात्री ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेतल्या होमविधीला होम मैदानावरही ते एकटेच गेले, काकांना हाकसुद्धा मारली नाही.

तुला यात्रेतला अक्षता सोहळा दिसावा म्हणूनच आम्ही भोगीला फोन लावला होता. संमती कट्ट्यापाशी ती गर्दी, पांढऱ्या बाराबंदीतली माणसे, सातही नंदीध्वजांच्या उंच काठ्या एका जागी येऊन उभ्या राहिलेल्या, हे तू लहानपणापासून बाबांच्या खांद्यावरून आणि नंतर स्वतः काठीबरोबर चालत पाहिलेस. "दिड्डम दिड्डम, सत्यम सत्यम" सुरू झाले तेव्हा मी फोन डोक्यावर धरला आणि दुसऱ्या हाताने अक्षता टाकल्या. फोन खाली घेतला तर तुझा चेहरा दिसेना, नुसती खोलीची भिंत दिसत होती. तुझ्याकडे जर्मनीत तेव्हा नुकते उजाडले होते. मग तू म्हणालास, "आई, मला इथे करमत नाही, मी परत येतो." मी एक शब्द बोलू शकले नाही, कारण माझ्या ओठांवर "ये" हाच शब्द आला होता. तो मी गिळला, आणि तेवढ्यात फोन बाबांनी घेतला.

गावाची आठवण येण्यात कमीपणा वाटून घेण्यासारखे काहीही नाही. ज्याला आपले गाव आठवत नाही त्याच्याविषयी मला काळजी वाटली असती. माझ्या मनाला लागली आहे ती दुसरीच गोष्ट. बोलता बोलता तू म्हणालास की विद्यापीठ आणि कोपऱ्यावरचे दुकान सोडले तर दोन आठवड्यांत तू कुठेच गेलेला नाहीस, आणि रात्री दोन-दोन वाजेपर्यंत गड्ड्याचे व्हिडिओ पाहत बसतोस. ऑक्टोबरमध्ये तू ड्रेस्डेनहून एल्बे नदीच्या काठाचा फोटो पाठवला होतास, पिवळ्या पानांचा, तो मी देवघराशेजारी लावला आहे. त्यानंतर तुझा बाहेरचा एकही फोटो आला नाही. साडेचारच्या आत अंधार पडतो, हे तू सांगितलेस ते खरे असेल, पण अंधार पडला तरी माणूस बाहेर पडू शकतो की नाही?

हे विचारायचे नाही असे ठरवून बसले होते, तरी लिहून गेले.

मी सोलापूरला आले ते १९९७ सालच्या मे महिन्यात. मिरजेत कृष्णेचा घाट घरापासून चालत दहा मिनिटांवर. सतारमेकर गल्लीतून शाळेत जाताना दुकानादुकानांत छताला टांगलेले वाळलेले भोपळे दिसायचे आणि लाखेचा वास यायचा. तिथून मी साखर पेठेतल्या या दोन खोल्यांत आले, जिथे दुपारी भिंतीला हात लावला तर चटका बसायचा आणि नळाला पाणी कधी येईल याची वाट पाहत रात्री जागायला लागायचे. आजी तेव्हा काय म्हणायच्या ते तुला माहीतच आहे, ते पुन्हा लिहीत नाही. पहिले सहा महिने मी रोज मनात कुर्डुवाडीला जाऊन तिथल्या छोट्या नॅरोगेज गाडीत बसत होते. पंढरपूर, मग सांगोला, मग मिरज. ती गाडी आता राहिली नाही, मोठ्या रुळांची झाली, पण डोळे मिटले की तिची हळू चाल मला अजूनही जाणवते. पहिल्या दिवाळीला माहेरी गेले तेव्हा परत जाणार नाही असे मी तुझ्या आजोबांना सांगितले होते. हे बाबांनाही माहीत नाही.

आजोबा रागावले नाहीत आणि समजूतही घातली नाही. त्यांनी एवढेच विचारले, "तिथे तू कोणाच्या घरी जातेस?" मला उत्तर देता आले नाही, कारण मी कोणाच्याच घरी जात नव्हते.

शेजारच्या अक्का तेव्हा दिवसभर दारात बसून विड्या वळायच्या. परत आल्यावर मी त्यांच्याजवळ जाऊन बसायला लागले. मांडीवर सूप, सुपात भिजवून मऊ केलेली पाने आणि तंबाखू. पत्र्याचा नमुना पानावर ठेवून कात्रीने कापायचे, चिमूटभर तंबाखू घालून वळायचे, दोऱ्याने बांधायचे. त्यांचे बोट मी नीट पाहू लागले तरी ते कसे चालते ते कळायचे नाही, इतके ते भरभर चालायचे. पंचवीस विड्यांची एक जुडी. मोजताना त्या "ओकटी, रेंडु, मूडु" म्हणायच्या, म्हणून मला तेलुगू आले ते आधी आकड्यांतून. कन्नड भाजीवालीकडून आले. रात्री पाणी आले की अक्का भिंतीवर थाप मारायच्या आणि आम्ही दोघी घागरी घेऊन उभ्या राहायचो. त्या थापेची मी वाट पाहते आहे, हे एके दिवशी माझ्या लक्षात आले. तोपर्यंत दीड वर्ष झाले होते. पुढे अक्कांनीच सांगितले की मिरजेच्या सतारींना लागणारे भोपळे आपल्या पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने जातात. त्या दिवशी मला रडू आले होते, आणि का आले ते त्यांना सांगता आले नव्हते.

म्हणून सांगते की एकट्याने खोलीत बसून आठवण काढली की ती माणसाला आणखी आत ओढते. तुझ्या मजल्यावर तो बंगळूरचा मुलगा आहे, त्याच्याकडे जाऊन बस. तुझे कन्नड कच्चे असले तरी त्याला बरे वाटेल. खालच्या मजल्यावरच्या ज्या वृद्ध बाई तुला जिन्यात थांबवतात, त्यांना रविवारी चहाला बोलाव. जर्मन चुकले तर चुकू दे. रोज एक तास नदीपर्यंत चालत जा, रात्री फोन दुसऱ्या खोलीत ठेव, सकाळी उठून अंघोळ कर, परीक्षा फेब्रुवारीत आहे तर आतापासून वेळापत्रक लाव.

पाहा, पुन्हा शाळेतल्या बाईंसारखी बोलायला लागले. क्षमा कर. तू चोवीस वर्षांचा आहेस आणि परदेशात एकट्याने घर चालवतोस, हे मी अक्कांच्या सुनेला, दूधवाल्याला, रिक्षावाल्यालाही सांगत असते. साखर पेठेच्या या गल्लीतून ड्रेस्डेनपर्यंत गेलेला तू पहिलाच.

तू आठवीत डॉ. कोटणीसांवर निबंध लिहिला होतास. भैय्या चौकातले त्यांचे स्मारक पाहायला आपण दोनदा गेलो होतो. सोलापूरचा मुलगा १९३८ साली अठ्ठाविसाव्या वर्षी चीनला गेला, तिथली भाषा शिकला, जखमींची सेवा केली आणि १९४२ च्या डिसेंबरात तिथेच वारला. तुला बक्षीस मिळाले तेव्हा मी पेढे वाटले होते. परवा त्या रस्त्याने येताना मात्र माझ्या मनात फक्त त्यांच्या आईचा विचार आला. पत्र यायला तेव्हा किती दिवस लागत असतील, आणि मधल्या दिवसांत ती माऊली काय करत असेल. हे लिहायला नको होते, पण खोडत नाही.

परत यायचे की नाही ते तू ठरव. बाबांचा राग मी पाहून घेईन, आणि कर्ज हे आमचे आहे, तुझे नाही. शिक्षण पुरे करून आलास, न करता आलास किंवा तिथेच राहिलास, तरी दार तेच आहे. मात्र परतण्याचा निर्णय त्या बंद खोलीत, रात्री दोन वाजता घेऊ नकोस. पंधरा दिवस बाहेर पडून पाहा आणि मग दिवसाउजेडी मला सांग. "ये" म्हणायला मी तेव्हा एक क्षणही लावणार नाही.

तुझी बाराबंदी धुऊन, नीळ घालून, कपाटात वरच्या खणात ठेवली आहे. काठीवाल्या मंडळींनी तुझी चौकशी केली. काकांचा गुडघा बरा आहे. या पत्राचा फोटो आज पाठवते आणि मूळ कागद पार्सलमध्ये घालते. त्यात शेंगाची चटणी दोन किलो आहे, उखळात कुटलेली, आणि कडक भाकरी वर्तमानपत्रात नाही, कापडात बांधली आहे, म्हणजे मोडणार नाही. चटणी एक किलो तुझी आणि एक किलो त्या बंगळूरच्या मुलाची. ती त्याच्या हातात नेऊन दे, दाराशी ठेवून येऊ नकोस.

बाबा आत्ता विचारून गेले की पत्रात काय लिहिते आहेस. मी सांगितले नाही. त्यांनी ड्रेस्डेनचे आजचे तापमान सांगितले, ते रोज सकाळी पाहतात.

आज बाहेर गेला होतास का, तेवढे कळव.

तुझी,
आई