एका रात्रीसाठी दिलेली रॅम

दादा,

तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. पण वाचलंत की ओळखाल.

लेकीने घरच्या कमी बजेटच्या डेस्कटॉपवर ब्लेंडर, म्हणजे थ्रीडी मॉडेल आणि ॲनिमेशन करायचं सॉफ्टवेअर, शिकायला घेतलं आणि मॉडेल जरा फिरवलं की स्क्रीन अडखळायला लागली. तुमच्याआधी दोघांना दाखवलं होतं. एकाने कॅबिनेट उघडलंसुद्धा नाही. "ग्राफिक्स कार्ड नाही ना यात, मग असंच चालणार," एवढं बोलून तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. दुसऱ्याने सरळ नवा कॉम्प्युटर घ्यायला सांगितलं. काम काय करायचंय, हे दोघांनीही विचारलं नाही. लेक शेजारीच उभी होती, तिच्याकडे कोणी पाहिलंही नाही. ते मला अजून सलतं. घरी आल्यावर ती म्हणाली, "राहू दे आई, मी वहीत काढते."

तुम्ही आधी तिला खुर्चीत बसवलंत आणि तिचीच फाइल उघडायला सांगितलीत. पाच मिनिटं नुसतं बघत राहिलात. मग टास्क मॅनेजर उघडून दाखवलंत, रॅमच्या दोन स्लॉटपैकी एकच भरलेला. आणि समजावलंत ते मला नाही, तिला. या मशीनच्या प्रोसेसरमध्ये, रायझन ५ ५६००जीमध्ये, ग्राफिक्स आतच असतं, पण त्याची स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच वाटा घेतं. डीडीआर४-३२०० प्रकारच्या रॅमची एक स्टिक, म्हणजे पट्टी, सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी डेटा पुरवते, दोन स्टिक योग्य स्लॉटमध्ये बसवल्या की ५१.२. "आत्ता प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोघं एकाच नळावर पाणी भरतायत," म्हणालात. तिला तेव्हाच कळलं. मला थोडं उशिरा.

मग तुम्ही तुमच्या स्वतःच्या कॉम्प्युटरमधली ८ जीबीची स्टिक काढून तिच्या हातात ठेवलीत. "आज रात्री लावून काम कर. फरक पडला तरच नवी घ्या, उगाच पैसे घालवू नका." आम्ही मागितली नव्हती. त्या रात्री तुमचं काम कमी रॅमवर चाललं असणार, त्याबद्दल तुम्ही अवाक्षर काढलं नाहीत. स्टिक कडेने धरायची, अंगातली स्थिर वीज उतरावी म्हणून आधी कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावायचा, हेही शिकवलंत. घरी तिनेच ती बसवली. खटका बसल्याचा आवाज आला तेव्हा तिचा चेहरा कसा फुलला, तो तुम्ही बघायला हवा होता.

मॉडेल लोण्यासारखं फिरलं असं म्हणणार नाही, पण अडखळणं गेलं. मोठ्या सीनच्या रेंडरला, म्हणजे मॉडेलवरून शेवटची चित्रं तयार करायला, हे मशीन रात्र घेईल, हे तुम्ही आधीच सांगितलं होतं. पुढेमागे कार्ड घ्यायचं ठरलं तर पॉवर सप्लाय किती वॉटचा आहे ते आधी बघा, हेही. कार्ड नाही म्हणून तोंड फिरवणाऱ्याला एवढंही सांगावंसं वाटलं नव्हतं. स्वस्त मशीन घेणाऱ्याचं कामही हलकंच असणार, असं धरून चालणारी माणसं आम्हाला खूप भेटली. तुम्ही मशीनआधी मुलीचं काम पाहिलंत. अशी माणसं असतात म्हणून आमच्यासारख्यांना कोणाला काही विचारायचा धीर होतो.

दुसऱ्या दिवशी स्टिक परत द्यायला आले तेव्हा तुम्ही गडबडीत होता, नीट बोलणं झालंच नाही. म्हणून हे पत्र.

नवी स्टिक घेतली. तिचं पहिलं ॲनिमेशनही झालंय, १२ सेकंदांचं. एक खार भिंतीवरून उडी मारते. रेंडरला अख्खी रात्र लागली. अजून कोणालाच दाखवलेलं नाही तिने, आधी तुम्ही बघायचं म्हणते.